प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरही रात्री जाग का येते?

दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, नळी निघाली, धार मोकळी झाली. तरी आजोबा रात्री तीनदा उठतातच. ऑपरेशन फसलं का? बहुतेकदा नाही. ग्रंथीने अडवलेली वाट मोकळी होते, पण वर्षानुवर्षं जोर लावून मूत्राशयाचा स्नायू जाड आणि चिडका झालेला असतो. तो निवळायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. जुन्या मधुमेहाने किंवा लघवी तुंबून राहिल्याने स्नायूच दुबळा पडला असेल, तर मात्र धार मंदच राहू शकते. म्हणून लघवीचा वेग आणि नंतर मूत्राशयात उरणारी लघवी ऑपरेशनआधीच मोजून घ्यावी. पायांवर सूज असेल, तर तिथे साचलेलं पाणी आडवं झाल्यावर लघवीवाटे निघतं. त्यात प्रोस्टेटचा दोष नाही. ताप आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.