गोल्फ मैदानाची हिरवळ : शरद ऋतूतील निगा व पुनर्पेरणी

समशीतोष्ण प्रदेशांतील गोल्फ मैदानांवर उन्हाळी खेळाने झिजलेली हिरवळ पूर्ववत करण्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास जमिनीत छिद्रे पाडणे, वाळू पसरणे व विरळ जागी नवे बी पेरणे ही कामे केली जातात. खेळाडूंना ती अवेळी वाटतात. कारण हिरवळ उत्तम दिसत असतानाच ती विद्रूप केली जाते. गवताच्या दृष्टीने मात्र याहून अनुकूल काळ नसतो.

ब्रिटन व उत्तर अमेरिकेचा उत्तर भाग येथील मैदानांवर मुख्यतः बेंट, फेस्क्यू व राय ही थंड हवामानातील गवते असतात. सुमारे १५° ते २४° से. तापमानात ती जोमाने वाढतात. कडक उन्हाळ्यात त्यांची मुळे खुरटतात. शरदात हवा थंडावते, पण मातीत उन्हाळ्याची ऊब टिकून असते. त्यामुळे बी लवकर रुजते, रोपांना दव व पाऊस मिळतो आणि उन्हाळी तणांचा जोर ओसरलेला असतो. वसंतात पेरलेल्या रोपांना मुळे खोल जाण्यापूर्वीच उन्हाळ्याला तोंड द्यावे लागते. तथापि ‘पोआ ॲन्युआ’ हे उपद्रवी गवतही शरदातच रुजते. मोकळी राहिलेली जागा ते बळकावते. म्हणून छिद्रण व पेरणी यांत अंतर पडू न देणे श्रेयस्कर.

छिद्राभोवतालच्या ‘ग्रीन’ या भागावरील गवत सुमारे ३ मिमी. उंचीवर कापलेले असते. सततच्या वर्दळीने तेथील माती घट्ट होते व मृत खोडामुळांचा स्पंजासारखा थर साचतो. पाणी व हवा मुळांपर्यंत पोहोचत नाहीत. यासाठी पोकळ दात्यांच्या यंत्राने ७ ते १० सेंमी. खोलीपर्यंतच्या मातीच्या गुंडाळ्या उपसून काढतात व छिद्रांत कोरडी वाळू झाडूने भरतात. वाळू पसरण्याची प्रथा रूढ करण्याचे श्रेय स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूझच्या मैदानाचे रक्षक टॉम मॉरिस (१८२१–१९०८) यांना दिले जाते. छिद्रे भरून येण्यास सामान्यतः दोन ते तीन आठवडे लागतात व तेवढा काळ चेंडू सरळ घरंगळत नाही. खेळाडूंच्या तक्रारींमुळे हे काम लांबणीवर टाकल्यास थंडीत गवताची वाढ मंदावते आणि छिद्रे वसंतापर्यंत तशीच राहतात.

बेंट गवताचे बी इतके सूक्ष्म असते की, एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक बिया मावतात. ते मातीला भिडले तरच रुजते. मृत थरावर नुसते फेकलेले बी वाया जाते. म्हणून उथळ चरे पाडून पेरणी करतात आणि पाणी थोडे थोडे, पण वारंवार देतात. राय गवत पाच ते दहा दिवसांत, तर बेंट एक ते दोन आठवड्यांत उगवते. रोपे सावरेपर्यंत कापणीची उंची वाढवितात. या काळात नायट्रोजनयुक्त खताचा मोह टाळावा लागतो. त्याने पाने कोवळी व लुसलुशीत होतात आणि ओलसर थंडीत ‘मायक्रोडोकियम’ कवकाचे चट्टे पडतात. याच कारणाने पहाटेचे दव लांब लवचिक काठीने झटकून टाकतात. हिमतुषार पडलेल्या ग्रीनवर चालल्यास पाने चिरडून मरतात, म्हणून तो वितळेपर्यंत खेळ थांबवितात.

उष्ण प्रदेशांत शरदातील पेरणीचा हेतू निराळा असतो. अमेरिकेच्या दक्षिण भागातील मैदानांवर बर्म्युडा गवत, म्हणजेच आपली हरळी वा दूर्वा, लावलेले असते. थंडीत ते सुप्तावस्थेत जाऊन तपकिरी पडते. म्हणून त्यावर राय गवताचे बी दाट पेरून मैदान हिरवे ठेवतात. जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथील प्रसिद्ध मैदानाच्या फेअरवेवर, म्हणजे टी व ग्रीन यांमधील पट्ट्यांवर, एप्रिलमधील मास्टर्स स्पर्धेच्या वेळी दिसणारी हिरवाई अशा पेरणीचीच असते. तथापि वसंतात राय गवत हटण्यास उशीर झाला, तर त्याच्या सावलीत हरळीची नवी फूट दबते. हिवाळ्यातील शोभेची किंमत अशा वेळी मूळ गवताला मोजावी लागते.

मुंबईच्या किनारी हवामानात हरळी हिवाळ्यातही बहुधा हिरवी राहते. म्हणून अशा वरपेरणीचे तेथे विशेष प्रयोजन नाही. ‘टिफड्वार्फ’सारख्या ग्रीनसाठीच्या संकरित जाती त्रिगुणित असल्याने त्यांना जननक्षम बी येत नाही. त्यांच्या खोडांचे तुकडे पसरून लागवड करतात व त्यासाठी पावसाळ्याचा आरंभ सोयीचा ठरतो.