दोन अंक, दूरध्वनी आणि मातेचे वय

संगणकाची स्मृती महाग होती त्या काळात वर्ष चार अंकांऐवजी दोनच अंकांत नोंदवण्याची प्रथा पडली. त्यामुळे २००० साल उजाडताच ‘००’ चा अर्थ १९०० असा लावला जाण्याची भीती होती. दूरध्वनी केंद्रास दोन ग्राहक जोडून देण्यासाठी वर्षाची फारशी गरज नसते. आकारणीस मात्र असते. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री सुरू होऊन मध्यरात्रीनंतर संपलेल्या संभाषणाचा कालावधी वजाबाकीने काढला, तर उत्तर उणे यायचे! केंद्र सरकारने १९९८ मध्ये माँटेकसिंग अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. वीज, बँका, रेल्वे यांबरोबर दूरसंचारही कळीचे क्षेत्र मानले गेले. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचे परदेशी दूरध्वनी तेव्हा विदेश संचार निगम या एकाच संस्थेमार्फत जात. तिचे आर्वीचे उपग्रह भूकेंद्र चाकणच्या पुढे, नारायणगावजवळ.

ती रात्र सुखरूप गेली. म्हणून सारा खर्च व्यर्थ होता, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांस ते पटत नाही. इंग्लंडमधील शेफिल्डच्या नॉर्दर्न जनरल रुग्णालयातील संगणकाने २००० च्या जानेवारीपासून गर्भवतींची वये चुकीची मोजली. बाळास डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता वर्तवताना रक्ततपासणीबरोबर मातेचे वयही धरले जाते. दीडशेहून अधिक स्त्रियांना चुकीचे निष्कर्ष कळवले गेले. यंत्र बंद पडले नव्हते. अहवाल नेहमीसारखेच छापून येत होते, आणि मे महिना येईपर्यंत चूक उघडकीस आली नाही.