सर्टिफिकेट संपलं आणि कुणाला कळलंच नाही

मागच्या वर्षी आमच्या लॅबच्या सर्व्हरचं टीएलएस सर्टिफिकेट शनिवारी रात्री संपलं. माझी डेटा गोळा करणारी स्क्रिप्ट थांबली, ते मला कळलं सोमवारी. दोन दिवसांचा डेटा गेला. घाईघाईत मी कोडमधली सर्टिफिकेटची तपासणीच बंद करून टाकली. मॅडमनी ती ओळ पाहिली आणि म्हणाल्या, "कुलूप अडकलं म्हणून दारच काढून ठेवलंस?"

सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. त्यात नाव, पब्लिक की, मुदत आणि ते देणाऱ्या संस्थेची, म्हणजे सीएची, डिजिटल सही असते. एक सांभाळणं सोपं आहे. पण मोठ्या कंपनीत ती लोड बॅलन्सरवर, डेटाबेसवर, जावाच्या कीस्टोअरमध्ये अशी हजारो ठिकाणी विखुरलेली असतात. खरा प्रश्न गणिताचा नसतो, नोंदींचा असतो: कुठलं सर्टिफिकेट कुठे आहे, कुणाच्या जबाबदारीवर आहे, कधी संपतंय?

दोन उदाहरणं बघा. ६ डिसेंबर २०१८ ला ब्रिटनमधल्या ओटूच्या लाखो ग्राहकांचा मोबाइल डेटा बंद पडला. कारण होतं एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं मुदत संपलेलं सर्टिफिकेट. हा बिघाड निदान लगेच दिसला.

२०१७ मध्ये इक्विफॅक्समध्ये उलट झालं. नेटवर्कवरची रहदारी तपासणाऱ्या उपकरणाचं सर्टिफिकेट कित्येक महिने आधीच संपलं होतं. त्यामुळे एन्क्रिप्टेड रहदारी न तपासताच पुढे जात राहिली. काहीही बंद पडलं नाही, म्हणून कुणी पाहिलंही नाही. हल्लेखोर मे महिन्यापासून आत होते. २९ जुलैला नवीन सर्टिफिकेट बसवलं आणि संशयास्पद रहदारी लगेच दिसली. तोवर १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली होती.

म्हणजे 'मुदत संपली' एवढं म्हणून भागत नाही. संपल्यावर सिस्टिम ओरडते की गप्प बसते, हे बघावं लागतं. संशोधनाचा चांगला प्रश्न इथेच सापडतो.

आता हा विषय तातडीचाही झालाय. सीए आणि ब्राउझर कंपन्यांच्या फोरमने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं की सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून टप्प्याटप्प्याने कमी करायची: मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७. कॅलेंडरवर आठवण लावून हे जमणार नाही. एसीएमईसारख्या प्रोटोकॉलने नूतनीकरण आपोआप व्हायला हवं. मात्र कंपनीच्या खासगी सीएने दिलेल्या सर्टिफिकेटना हा नियम लागू नाही, आणि ती सार्वजनिक सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी लॉगमध्येही सहसा दिसत नाहीत. मोजायला अवघड भाग नेमका तोच.

सुरुवात करायची असेल तर आजच आपल्या विभागाच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट ब्राउझरमध्ये उघडा, मुदत लिहून घ्या आणि विचारा: हे कोण बदलणार? उत्तर चटकन मिळालं नाही, तर तुमचा पहिला निष्कर्ष तुमच्या हातात आहे.