अमावास्येचे तारांगण

आश्विन अमावास्येच्या रात्री आकाशात चंद्र नसतो आणि पावसाळी ढगही बहुधा पांगलेले असतात. वर्षातील अशी काळोखी, निवळ रात्र आमच्या पूर्वजांनी लक्ष्मीपूजनासाठी निवडली. काळोख होता म्हणून पणतीला मोल होते. आणि पणतीचा उजेड अंगणापुरता असे, म्हणून माथ्यावरील तारांगणही अबाधित राहत असे. भूमीवरील दीप आणि नभातील तारे यांचे एकमेकांशी कधीच वैर नव्हते.

ठाणे खाडीच्या पूर्वेस, कोपरखैरण्यालगत वसलेले बोनकोडे हे नवी मुंबईतील मूळ गावांपैकी एक. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि भातशेती व मिठागरांच्या या पट्ट्यात महानगर उभे राहिले. विजेने रस्ते निर्धोक झाले, मुलांचा अभ्यास सुकर झाला; ते उपकार आम्ही विसरत नाही. परंतु लक्ष्मीपूजन आटोपल्यावर या गावठाणातील एखाद्या गच्चीवर जावे आणि पूर्वेकडे पाहावे. तेथे कृत्तिकांचा इवलासा पुंजका वर आलेला असतो. तो शोधू जाता मात्र करड्या, धूसर उजेडाखेरीज काही हाती लागत नाही. फटाक्यांचा धूर चार दिवसांत विरतो. हा उजेड मात्र बारमाही आहे.

यात हानी ती कोणती, असे कोणी विचारील. पाडव्यापासून सुरू होणाऱ्या कार्तिक मासाचे नावच मुळी या कृत्तिकांवरून पडले आहे. त्या महिन्याची पौर्णिमा त्यांच्या आसपास होते. आमचे मास, तिथी, नक्षत्रे ही सारी आकाश पाहून ठरली. आज पंचांग घरोघरी आहे. परंतु ज्या आकाशाचे ते वर्णन, तेच लोपले, तर मुलांना नक्षत्रे केवळ पाठ करण्याच्या नावांपुरती उरतील. काळोख्या ठिकाणी निरभ्र रात्री नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसतात. महानगरात त्यांतले जेमतेम काही डझन उरतात. मुंबई-ठाण्याच्या आकाशप्रेमींना त्यासाठी वांगणीसारखे दूरचे ठिकाण गाठावे लागते.

दोष दिव्याचा नाही, त्याच्या रोखाचा आहे. उघड्या दिव्याचा जो प्रकाश वर जातो, तो हवेतील धूळ व बाष्प यांवर विखुरतो आणि आकाशावर पडद्यासारखा पसरतो. निळसर पांढरा प्रकाश पिवळसर प्रकाशापेक्षा अधिक विखुरतो. वर गेलेल्या या उजेडाने ना वाट दिसते, ना अंगण उजळते. वीज मात्र खर्ची पडते.

हे टाळता येते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे काळोख्या आकाशाचे उद्यान, म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी लगतच्या गावांतील रस्त्यांवर जमिनीकडेच प्रकाश टाकणारे दिवे बसविण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत. उजेड तेवढा जागेवर आला.

बोनकोड्याचे पेंच होणार नाही, हे आम्ही जाणतो. तथापि गच्चीवरील दिव्याला वरून झाकण, झोताचे तोंड खाली, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा आणि निजानीज झाल्यावर शोभेची रोषणाई बंद, एवढे तर प्रत्येक घराला व सोसायटीला साधण्याजोगे आहे. यंदा लक्ष्मीपूजनानंतर घटकाभर गच्चीवरील दिवे मालवून मुलांना पूर्वेकडे पाहावयास सांगावे. चार तारे अधिक दिसले, तरी लक्ष्मीच्या स्वागतात काही उणे पडणार नाही. पणती तेवढी तेवत राहू द्यावी. तिने आजवर कोणताही तारा झाकलेला नाही.