उंदराचा मेंदू आणि विषारी आमिष

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची काढणी आटोपली की उंदरांचा मोर्चा हरभरा व गहू या पिकांकडे वळतो. झिंक फॉस्फाइडचे आमिष टाकल्यावर पहिल्या रात्री काही उंदीर मरतात. पुढे तेच आमिष बिळाच्या तोंडाशी जसेच्या तसे पडून राहते. औषधात दम नाही असे समजून काही शेतकरी विषाचे प्रमाण दुप्पट करतात. त्याने आमिष अधिकच बेचव होते. दोष बहुधा औषधाचा नसून उंदराच्या मेंदूची घडण ध्यानात न घेतल्याचा असतो.

घरातील लहान उंदराचा मेंदू जेमतेम अर्धा ग्रॅम भरतो. मानवी मेंदूप्रमाणे त्यावर वळ्या नसतात. मेंदूच्या बाह्य थरास बाह्यक म्हणतात व त्याच्या पुढील भागास पूर्वललाट बाह्यक. लाभ आणि धोका तोलून पाहणे, हे या भागाचे एक काम होय. मानवात तेथे पेशींचे सहा थर असतात. उंदरात चौथा थर स्पष्ट आढळत नाही, म्हणून दोहोंस एकच नाव द्यावे काय, असा शास्त्रज्ञांत वाद आहे. मेंदूच्या दोन अर्धांच्या समोरासमोरील बाजूंवर या भागाचे पट्टे एकाखाली एक असतात. वरचा पट्टा धोक्याची आठवण होताच प्राण्यास थबकवितो; खालचा पट्टा, धोका टळल्याचा अनुभव वारंवार आल्यास, भीती मावळवितो. कोणत्या चवीने प्रकृती बिघडली याची नोंद मात्र मुख्यतः चवीचे बाह्यक व मेंदूतील बदामाच्या आकाराची गाठ यांत राहते.

अमेरिकेत जॉन गार्सिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये दाखविले की, सॅकरिनचे गोड पाणी पिताना किरणोत्सर्ग सोसलेले उंदीर पुढे त्या पाण्यास तोंड लावीत नाहीत. उंदरास ओकारी होत नाही. तेव्हा नवे अन्न थोडे चाखून पाहणे हाच त्याचा बचाव. आपल्या धुऱ्यांवरील उंदीर या प्रयोगांतील उंदरांचेच भाऊबंद आहेत.

म्हणून आधी विश्वास बसवावा, मग विष द्यावे. सायंकाळी सर्व बिळे बुजवावीत. सकाळी उकरलेली दिसतील ती वस्तीची समजावीत. तेथे दोन-तीन दिवस तेल लावलेला नुसता भरडा ठेवावा. नंतर ९६ भाग भरडा, २ भाग खाद्यतेल व २ भाग झिंक फॉस्फाइड यांचे सुमारे दहा ग्रॅम आमिष कागदाच्या पुडीत बिळात खोल सारावे. वाचलेल्या उंदरांस त्याच हंगामात हेच विष पुन्हा देऊ नये, ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनचे आमिष वापरावे. ते रक्त गोठण्याची क्रिया थांबविते व मृत्यू काही दिवसांनी येतो, त्यामुळे उंदरास त्याचा संबंध खाण्याशी जोडता येत नाही.

झिंक फॉस्फाइड ओलाव्याने वा पोटातील आम्लाने विषारी वायू सोडते. ते हातमोजे घालून, उघड्या हवेत, स्वयंपाकाची भांडी टाळून मिसळावे. मुले व जनावरे दूर ठेवावीत आणि मेलेले उंदीर पुरावेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही मोहीम शिवारातील लगतच्या सर्व शेतकऱ्यांकडून एकाच आठवड्यात करवून घ्यावी, कारण एका शेतातील मोकळी बिळे शेजारच्या धुऱ्यांवरील उंदीर लवकरच भरून काढतात.