सायखेड्याचा काठ

मे महिना. सकाळचे साडेसात वाजलेत, ऊन आत्ताच पाठीला लागतंय. घाटाच्या शेवटच्या पायरीखाली बराच काठ उघडा पडलाय. वरचा चिखल वाळून भेगाळलेला, खालचा अजून ओला, काळा, त्यावर टिटवीच्या पायांचे ठसे. त्यापलीकडे पाणी. ते हलत नाही. एका बाजूला पूल, पलीकडे चांदोरी, दोन्हीकडे बाभळी आणि ऊस, आणि मध्ये गोदावरी एखाद्या मोठ्या तळ्यासारखी पसरलेली.

हा निवांतपणा नदीचा स्वतःचा नाही. खाली नांदूरमध्यमेश्वरला, गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे, इंग्रजी अमदानीतला बंधारा आहे. त्याने अडवलेलं पाणी मागे सरकत इथवर येतं. बंधाऱ्याच्या गाळावर पाणपक्ष्यांचं राज्य वसलं आणि 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. त्यातले काही रहिवासी सकाळी इकडेही चरायला आलेले दिसतात. लांब गुलाबी पायांचे शेकाटे उथळ पाण्यात शिस्तीत चाललेत, एक खंड्या मोटारीच्या वायरवर बसलाय.

भूमध्य समुद्राकाठी लोक खडकांच्या कुशीतले असेच निवांत, छोटे, आडोशाचे किनारे शोधत फिरतात. तिथे लाट नाही, आणि भरती-ओहोटीही जेमतेम. जिब्राल्टरच्या अरुंद तोंडातून महासागराची भरती आत फारशी शिरतच नाही. बहुतेक ठिकाणी पाणी वीत-दोन वीत वरखाली होतं, तेवढंच. सायखेड्याला मात्र भरती-ओहोटी आहे आणि ती चंद्रावर नाही, पाटबंधारे खात्यावर चालते. वरच्या धरणांतून आवर्तन सुटलं की काठ बुडतो, बंद झालं की उघडा पडतो. फार उतरलं तर चांदोरीच्या बाजूला नदीपात्रातली काळ्या दगडांची जुनी देवळं वर येतात. मग आसपासच्या गावांतली माणसं मोटारसायकली काढून ती बघायला जातात. आज देवळांचा पत्ता नाही. पाणी अजून तेवढं उतरलेलं नाही.

पण पाणी उपसणाऱ्या मोटारवाल्यांची पंचाईत व्हायला एवढंही पुरेसं आहे.

पायरीच्या डाव्या हाताला एक तात्या आणि त्यांचा पुतण्या गुडघाभर चिखलात उभे आहेत. पाइपाच्या तोंडाचा फुटबॉल, म्हणजे फूट-व्हॉल्व्ह, उघडा पडलाय; मोटर चालू केली तर हवाच ओढेल. तो आणखी आत न्यायचा म्हणजे मध्ये एक पाइप वाढवायला हवा. पुतण्या सोल्युशनची डबी दातांनी उघडायला बघतो.

“दात पडतील. पान्हा घे,” तात्या म्हणतात.

“तात्या, लाइट किती वाजता?”

“दिवसपाळी आहे. येईल आत्ता. तू हात चालव.”

द्राक्षबागेची खरड छाटणी उरकलीय, नव्या काड्या तयार होताहेत. आता पाणी तुटलं तर पुढच्या मालावर बसतं. म्हणून ही घाई. वर बांधावर ठेवलेल्या स्टार्टरच्या पेटीकडे तात्यांचं सारखं लक्ष.

उजवीकडे वेगळंच जग आहे. तीन पोरं म्हशींच्या पाठीवरून पाण्यात उड्या मारताहेत. पायरीवर धुणं आपटणारी आजी ओरडते, “अरे, पुढं जाऊ नका रे! गाळ आहे तिथं, पाय धरते गंगा!” पोरं ऐकत नाहीत, पण पुढेही जात नाहीत. पुलाच्या खांबाला अडकून वाळलेल्या पाणवेलींचा पुंजका लोंबतोय. पावसाळ्यात नाशिककडून या वेली लोंढ्याने येतात आणि पुलाशी अडकून बसतात. मग त्या काढायला जेसीबी आणावा लागतो. हा भार नाशिकचा आणि निस्तरायचा सायखेड्याने. मला तरी हा हिशेब पटत नाही.

“पाणी कुठवर आलं होतं हो, मोठ्या पुरात?” मी आजीला विचारतो.

ती हातातलं लुगडं पिळता पिळता मानेनेच मागे, घरांकडे दाखवते. “2019 ला? हा घाट कुठं दिसत होता! आम्ही पोरंबाळं घेऊन वरच्या अंगाला गेलो. आणि आता बघा, भांडं बुडवायला खाली उतरावं लागतं.” असं म्हणून ती बादली उचलते आणि खरोखरच चिखलातून पाच-सहा पावलं खाली उतरते.

डावीकडे पाइप जोडला जातो. तात्या बादलीने पाणी ओतून मोटर भरताहेत. पुतण्याने एव्हाना मोबाइल काढलाय.

“तात्या, ग्रुपवर आलंय, आवर्तन सुटणार. पाणी चढलं तर हा सगळा पाइप परत मागं घ्यावा लागंल.”

“सुटणार म्हणत्यात. सुटल्यावर बोल,” तात्या बादली त्याच्या हातात देतात. “धर, अजून दोन ओत.”