सतरंजी (भाग ९) : दुरुस्त, नादुरुस्त आणि ई-क्लास

अकोला पॅटर्न, म्हणजे नव्वदच्या दशकात बौद्ध आणि बंजारा एका मांडवात आणणारं ते राजकारण, या आठवड्यात नाही. कबूल केलं होतं, मान्य आहे. पण गेला भाग छापून आला त्या सकाळी चहा निवायच्या आत मालेगाव तालुक्यातल्या एका निवृत्त तलाठीबुवांचा फोन आला आणि सगळं बिनसलं. "तुम्ही ३ ऑक्टोबर १९५७ ला आम्हाला नागपुरात आणून बसवलं, रिपब्लिकन पक्ष स्थापन केला, आणि आता म्हणता पुढच्या वेळी थेट नव्वदच्या दशकात. मधली तीस-बत्तीस वर्षं पक्ष काय झोपला होता?" मी काहीतरी पुटपुटलो. मग ते म्हणाले, "माझ्या सज्जातल्या गावात म्हातारी माणसं अजून सांगतात, आमचे वडील नादुरुस्त होते. नव्या पोरांना वाटतं आजोबा आजारी होते. तेवढं तरी लिहा."

तर तेवढंच लिहितो. मखराम पवार, बहुजन महासंघ, जिल्हा परिषदेची गणितं, सगळं पुढे ढकललं.

नादुरुस्त हा शब्द आपल्याकडे हातपंपाला लावतात, एसटीला लावतात, रोहित्राला लावतात. एका पक्षाच्या अर्ध्या लोकांना तो कसा चिकटला? पक्षाला दोन वर्षं होतात न होतात तोच, १९५९ मध्ये, बापू चंद्रसेन कांबळे, म्हणजे बी. सी. कांबळे यांनी वेगळी चूल मांडली. कांबळे वकील, संसदेत कोपरगावहून निवडून गेलेले, कायद्याचा कीस काढणारे. पक्ष बाबासाहेबांच्या वाटेवरून ढळलाय, त्यात दुरुस्ती हवी, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांचा गट 'दुरुस्त'. मग दादासाहेब गायकवाडांच्या मागे उरलेले आपोआप 'नादुरुस्त'. विरोधकाला नाव ठेवण्याची यापेक्षा स्वस्त युक्ती मी मराठी राजकारणात पाहिलेली नाही. स्वतःला एक विशेषण लावायचं, दुसऱ्याला फुकटात मिळतं.

भांडणाचं मूळ जमिनीत होतं. अक्षरशः. भाऊराव कृष्णराव गायकवाड, म्हणजेच दादासाहेब, हे दिंडोरीकडच्या आंबे गावचे, १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांचा उजवा हात. धोतर नेसणारा, खेड्यात जाऊन ओट्यावर बसणारा माणूस. भूमिहीनाला पडीक सरकारी जमीन द्या, यासाठी त्यांनी १९५९ मध्ये मराठवाड्यात आणि खानदेशात सत्याग्रह मांडला. दुरुस्तवाल्यांचे आक्षेप दोन. पहिला, ही कम्युनिस्टांची उसनवारी आहे. दुसरा जास्त धारदार: बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितलं होतं, की आता घटनात्मक मार्ग हातात आल्यावर सत्याग्रह, असहकार हे मार्ग सोडून द्या. मग तुम्ही कुठले आंबेडकरवादी?

दुसरा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. सभागृहात तो बिनतोड वाटला असणार. पण पहिल्याला उत्तर सोपं होतं. स्वतंत्र मजूर पक्ष काढला कोणी? १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं कोणी? जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर नेले कोणी? १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर शेतजमीन सरकारच्या मालकीची करून सामुदायिक शेती करावी, इथपर्यंत मजल आहे. आणि १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या सभेत, खेड्यातल्या भूमिहीनांसाठी आपल्या हातून व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही, याची खंत त्यांनी बोलून दाखवली. त्या खंतीचा वारसा कोणाकडे गेला म्हणायचा? कोटवाल्यांकडे की धोतरवाल्यांकडे?

कोट आणि धोतर ही फोड माझी नाही, त्या काळात ती उघड बोलली जाई. शिकलेले आणि न शिकलेले, शहरातले आणि खेड्यातले. पण आपल्या लेखमालेचा विषय पुढारी नाही, सतरंजी उचलणारा आहे. त्याला या वादातलं काय कळलं? माझ्या मते नेमकं जे कळायला हवं ते. कायदा आपल्याला कुठे दिसतच नाही, हे त्याला कळलं होतं. विदर्भाचा कूळकायदा १९५८ चा, सिलिंगचा कायदा १९६१ चा. पहिला कुळाला जमीन देतो. दुसरा आधी जास्तीची जमीन सापडू दे म्हणतो, मग बघू. पण पाडव्याला साल ठरवून दुसऱ्याच्या वावरात राबणारा सालदार कूळ नव्हता. तो कुठल्याच नमुन्यात नव्हता. सात-बारावर नाही, पेरेपत्रकात नाही. घटनात्मक मार्गाने जायला आधी कागदावर असावं लागतं.

कागदावर येण्याची एकच वाट त्याच्या हातात होती: गुन्हेगार म्हणून. आणि इथे आपण वाशीमला येतो, किंवा तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या वाशीम तालुक्याला. (इंग्रजी अमदानीत आपला 'बाशीम' जिल्हा होताच, १९०५ मध्ये तो मोडला आणि १ जुलै १९९८ ला परत मिळाला. यावर कधीतरी एक अख्खा भाग खर्च करणार आहे, संपादकांनी आत्ताच धसका घ्यावा.)

पश्चिम महाराष्ट्रातला वाचक ज्याला गायरान म्हणतो त्याला आपण वऱ्हाडात ई-क्लास म्हणतो. शेळ्या घेऊन निघालेली निरक्षर बाईसुद्धा 'ईक्लासात चालली' म्हणते. इंग्रजी बाराखडीतलं तिला येणारं अक्षर बहुधा हे एवढंच. इंग्रजांनी वऱ्हाडातल्या जंगलाला ए, बी, सी असे वर्ग पाडले होते, लाकडाचं, गवताचं, चराईचं. त्याच अक्षरांच्या माळेत गावच्या गुरांसाठी ठेवलेल्या चराईच्या पडीकाला ई हे अक्षर आलं आणि साहेब गेला तरी अक्षर राहिलं. गंमत अशी की महसूल खात्यात आणखी एक 'ई' आहे, गाव नमुना एक-ई. ती अतिक्रमणांची नोंदवही. ई-क्लासात वखर फिरवला की माणूस एक-ईमध्ये येतो. दोन्ही ईंचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण आपल्या भागातल्या किती घरांची वंशावळ या दोन अक्षरांच्या मधे बसते!

वखर कधी फिरवायचा याचंही शास्त्र होतं. मिरगाच्या पंधरा दिवस आधी. फार लवकर फिरवला तर पंचनामा होऊन हुसकावायला वेळ मिळतो. उशीर केला तर पेरणी हुकते. पेरलं की मग तुरीच्या-ज्वारीच्या उभ्या पिकावर हात टाकायला सरकारी माणूसही कचरतो. गावातली इतर मंडळी मात्र कचरत नाहीत, रात्रीतून पिकात गुरं घालतात. म्हणून एकट्याने वखर फिरवायचा नाही, वाड्यातल्या दहा-पंधरा घरांनी एकाच दिवशी फिरवायचा. पक्षाची शाखा म्हणजे काय, तर ही दहा-पंधरा घरं. फलक नंतर लागायचा.

१ ऑक्टोबर १९६४ ला दिल्लीत संसदेवर रिपब्लिकन पक्षाचा मोर्चा गेला, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांचं निवेदन दिलं, आणि ६ डिसेंबरपासून, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनापासून, देशभर सत्याग्रह सुरू झाला. कसेल त्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनाला, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, धर्मांतरितांच्या सवलती, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र. तीन लाखांहून अधिक माणसं तुरुंगात गेली. शांताबाई दाणींसारख्या बाया पुढे होत्या. स्वतंत्र भारतात भूमिहीनांनी इतक्या मोठ्या संख्येने तुरुंग भरल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही, आणि शाळेच्या पुस्तकात याची एक ओळ असेल तर मला कोणीतरी दाखवावी. मागण्यांच्या यादीत तैलचित्र आणि मजुरी शेजारी-शेजारी आहेत, हे मला फार आवडतं. नंतरच्या विद्वानांनी यालाच अस्मितेचं राजकारण की पोटाचं, असं करून दोन ढीग लावले. त्या सत्याग्रहींना एकच ढीग दिसत होता.

पुढचं थोडक्यात. १९६७ च्या जिल्हा परिषद निवडणुकांच्या सुमारास दादासाहेबांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी युती केली. पक्षाची आणखी शकलं झाली. २९ डिसेंबर १९७१ ला दादासाहेब गेले. पुढाऱ्यांपैकी कोण कुठे गेलं याची यादी द्यायला मला कंटाळा येतो, वाचकांनाही येत असावा.

पण वखर थांबला नव्हता. मंगरूळपीरकडच्या एका गावात पाच-सहा वर्षांपूर्वी एका आजोबांनी मला पत्र्याची पेटी उघडून दाखवली. वर कुंकवाच्या डबीएवढं कुलूप. आत एका जुन्या पंचशीलाच्या झेंड्यात गुंडाळलेल्या पावत्या. अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या, सालवार लावलेल्या, मधल्या दोन वर्षांच्या उंदराने कुरतडलेल्या. "मले वाचता येत नाही भाऊ," ते म्हणाले, "पन कोनत्या सालाची कोनती ते हातानं सांगतो." आणि खरंच सांगत होते, कागदाच्या जाडीवरून. जमीन महसूल संहितेचं कलम ५० अतिक्रमण काढायला सांगतं आणि दंड करतं. लागूनच असलेलं कलम ५१ तेच अतिक्रमण नियमित करण्याची मुभा देतं. पन्नासमध्ये दंड भरल्याची पावती एक्कावन्नमध्ये ताब्याचा पुरावा होते! त्यामुळे आमच्याकडे माणसं दंड चुकवत नसत, उलट पटवाऱ्याच्या मागे लागून भरत. आजोबांचं म्हणणं, एका साली पटवारी दंड लावायला आलाच नाही, तर ते स्वतः तहसिलीत जाऊन उभे राहिले, माझा गुन्हा लिहून घ्या म्हणून. त्यांना हाकलून दिलं. ते दुसऱ्या दिवशी परत गेले, शाखेतले आठ जण घेऊन.

याला घटनात्मक मार्ग म्हणायचं की नाही, हे आता दुरुस्तवाल्यांनी सांगावं.

सरकारने डिसेंबर १९७८ मध्ये एक निर्णय काढून अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं, नंतर २८ नोव्हेंबर १९९१ ला दुसरा काढला. दुसऱ्यात शेवटची तारीख धरली १४ एप्रिल १९९०. तारीख निवडणाऱ्याच्या मनात आदरच असणार, जन्मशताब्दी वर्ष होतं. पण त्याने कधी शेतात वखर फिरवला नसावा. १४ एप्रिलला आपल्याकडे रानात धुरळा असतो. ई-क्लास मोडायचा तो मे संपताना. म्हणजे नव्वदच्या खरिपाला ज्याने पहिल्यांदा जमीन धरली तो हुकला, आणि पुरावा लागणार एकोणनव्वदच्या किंवा आधीच्या हंगामाचा. एका पावसाळ्याने घरं इकडची तिकडे झाली. एका भावाला पट्टा, दुसरा अजून अतिक्रमक, अशी घरं मी पाहिली आहेत.

एक गोष्ट आमच्या कार्यकर्त्यांना आवडत नाही, तरी लिहितो. ई-क्लास काही मोकळा पडलेला नव्हता. त्यावर धनगराची मेंढरं होती, तांड्यावरची गाईगुरं होती, वाड्यातल्याच विधवेच्या चार शेळ्या होत्या. जमीन धरणाऱ्या दहा घरांमुळे अकराव्या घराचा चारा गेला, आणि ते अकरावं घरही गरिबाचंच असायचं. शाखेच्या बैठकांमध्ये यावर भांडणं होत. काही ठिकाणी गुरांना वाट आणि पाणवठा सोडून बाकीचंच मोडायचं, असा शहाणपणा झाला. काही ठिकाणी नाही झाला, आणि तिथे पुढे बौद्ध विरुद्ध बंजारा, बौद्ध विरुद्ध धनगर असं जे पेटलं ते पुढाऱ्यांना निवडणुकीत फार उपयोगी पडलं. अकोला पॅटर्न समजायला हे लक्षात ठेवा. मखराम पवार स्वतः बंजारा समाजातले. बौद्ध आणि बंजारा या दोन समाजांना एका मांडवात बसवायचं म्हणजे आधी या चाऱ्याच्या भांडणावरून हात फिरवावा लागला.

दादासाहेबांच्या नावाने २००४ पासून सरकारी योजना आहे, सबळीकरण व स्वाभिमान. भूमिहीन अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन, विधवा-परित्यक्तांना प्राधान्य. आधी निम्मं अनुदान, निम्मं कर्ज होतं, २०१८ पासून शंभर टक्के अनुदान. चांगली योजना आहे. अडचण एवढीच की जमीन सरकारने बाजारातून विकत घेऊन द्यायची, आणि सरकारी भावात विकायला निघतं ते बहुतेक बरड. दादासाहेब मागत होते ती जमीन विकत घ्यायची नव्हतीच, ती सरकारचीच होती.

तलाठीबुवांचा शेवटचा प्रश्न राहिला: २०११ नंतर हे सगळं संपलं का? २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, आणि त्याच वर्षी १२ जुलैला आपल्या राज्याचा निर्णय आला. लोक एवढंच वाचतात आणि घाबरतात. निकालपत्र शेवटपर्यंत वाचा. अपवाद म्हणून नियमित करता येईल अशा बाबींत भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या पट्ट्यांचा उल्लेख आहे. ई-क्लासावर प्लॉट पाडणाऱ्यासाठी तो निकाल कडक आहे. पेटीवाल्या आजोबांसाठी त्यात एक फट आहे, बारीक, पण आहे.

त्या पेटीत सर्वांत खाली एक पावती वेगळ्या रंगाची होती, गुलाबी, पक्षाच्या वर्गणीची. सही अर्धी पुसलेली. कोणत्या गटाची म्हणून मी विचारलं. "गटाची कायची," आजोबा म्हणाले, "पक्षाची हाये." आणि ती पुन्हा दंडाच्या पावत्यांखाली ठेवून दिली.

अकोला पॅटर्न पुढच्या आठवड्यात, आता नक्की. आणि ज्यांच्या घरी नव्वदच्या आधीच्या दंडपावत्या असतील त्यांनी त्यांची झेरॉक्स आजच काढून ठेवावी. त्या कार्बनच्या आहेत, अक्षर उडतं.